फाइल कोणाच्या हातात?

मोठ्या रुग्णालयांमध्ये हल्ली 'टीम' हा शब्द सारखा ऐकू येतो. मधुमेहाची टीम, डायलिसिसची टीम, कर्करोगाची टीम. परिषदा होतात, भित्तिपत्रके लागतात. त्यांवर मधोमध रुग्ण आणि भोवती गोलात डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक, समाजसेविका अशी चित्रे असतात. कल्पना चांगली आहे. एकच आजार असेल तर एक डॉक्टर पुरतो, पण ज्याला एकाच वेळी चार आजार आहेत, हातात पैसा नाही आणि घर लांब आहे, त्याचा भार एकट्या डॉक्टरला पेलणारा नाही, हे कोणीही मान्य करील. मी वैद्यकीय समाजकार्य हा विषय घेऊन एम.एस.डब्ल्यू. केले आणि गेली बारा वर्षे सार्वजनिक रुग्णालयांत हेच काम करते आहे. तेव्हा या कल्पनेच्या विरोधात लिहिण्याचे मला काहीच कारण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या चित्रातल्या गोलात एक व्यक्ती कधीच काढलेली नसते, आणि प्रत्यक्षात सगळा गाडा तिच्या जिवावर चाललेला असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घालून एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाणारी बाई. रुग्णाची बायको, आई, सून, मुलगी किंवा बहीण.

रुग्णालयाच्या भाषेत ती 'नातेवाईक' असते. 'नातेवाईकांनी बाहेर थांबावे' या पाटीखाली ती बसते आणि 'नातेवाईक कुठे आहेत?' अशी हाक आली की पळत आत जाते. माझे म्हणणे असे की गुंतागुंतीच्या आजारात आपल्याकडे टीम असते ती बहुतेक कागदावर. निरनिराळ्या विभागांना जोडण्याचे खरे काम घरची बाई करते, बिनपगारी, बिनप्रशिक्षण आणि बिनअधिकार. टीमने उपचार करायचे असतील तर हे जोडण्याचे काम आधी रुग्णालयाने स्वतःच्या अंगावर घेतले पाहिजे. तसे न करता 'कुटुंबाचा सहभाग' या गोड नावाखाली तिलाच टीममध्ये ओढले, तर ओझे तेच राहील, फक्त त्याचे नाव बदलेल.

चार ओपीडी, चार वार

एक उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीचे एक गृहस्थ, पूर्वी रंगकाम करायचे. जुना मधुमेह, त्यातून मूत्रपिंडे निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, डोळ्यांच्या पडद्याला इजा आणि तळपायाला न भरणारी जखम. सोमवार-गुरुवार डायलिसिस, मंगळवारी जखमेची ओपीडी, बुधवारी डोळ्यांची, शुक्रवारी मधुमेहाची. त्यांच्या पत्नी चार घरची धुणीभांडी करायच्या. आता दोनच घरे उरली आहेत, कारण बाकीच्या दोन घरांना रोज उशिरा येणारी बाई चालली नाही. डायलिसिसचे यंत्र योजनेतून मोफत मिळते, पण चार तास यंत्रावर, त्याआधी-नंतरचे थांबणे आणि दोन्ही वेळचा प्रवास असा अख्खा दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी कोणतीही योजना भरून देत नाही.

चार विभागांचे चार केसपेपर या बाईंच्या पिशवीत असतात. जखमेच्या डॉक्टरांना साखर किती होती ते त्या सांगतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना, 'आज नको, उद्या डायलिसिस आहे,' असे त्या सांगतात. शिक्षण चौथीपर्यंत, पण मागच्या महिन्यातले क्रिएटिनिन त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी एकदा मला सरळच विचारले, "मॅडम, ही सगळी डॉक्टर मंडळी एकाच आवारात बसतात ना? मग एकमेकांना का नाही विचारत? मी काय निरोप्या आहे?" या प्रश्नाला आरोग्यव्यवस्थेवरच्या जाड अहवालांत सापडणार नाही असे नेमकेपण आहे.

आता स्वयंपाकघरात चला. मधुमेहाच्या ओपीडीत सांगतात, पालेभाज्या खा, डाळी खा, फळ एखादे चालेल. मूत्रपिंडाच्या ओपीडीत सांगतात, पोटॅशियम वाढते, म्हणून फळे नकोत, भाजी चिरून पाण्यात उकळा, ते पाणी फेका आणि मग फोडणी द्या. पाणी मोजून प्या, आणि त्या मोजमापात चहा, आमटी, ताक सगळे धरा. आजाऱ्याला भेटायला येणारे पाहुणे हमखास शहाळे घेऊन येतात. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाला ते घातक ठरू शकते. पाहुण्यांना नको म्हणायचे कोणी? बायकोने. भाजीची दोन पातेली चढवायची कोणी? तिनेच. आणि उकळून पाणी फेकलेली भाजी 'बेचव झाली' म्हणून ताट सरकवले गेले तर ऐकून घ्यायचे तेही तिनेच.

एकमेकांशी न बोलणाऱ्या विभागांमुळे होणारी ही नुसती गैरसोय नव्हे, त्यात जिवाला धोका आहे. मूत्रपिंडे निकामी होत जातात तसे शरीरातले इन्सुलिन बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे इन्सुलिनचा डोस पुष्कळदा कमी करावा लागतो. जुन्याच डोसाने साखर एकदम उतरून रुग्ण रात्री बेशुद्ध पडू शकतो. गुडघेदुखीसाठी दुसऱ्या विभागात सहज लिहून दिलेली वेदनाशामक गोळी उरलीसुरली मूत्रपिंडे बिघडवू शकते. हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. पण दुसऱ्याने काय लिहिले ते पाहायला त्याच्यासमोर कागद नसतो, आणि कागद असला तर वेळ नसतो. मग मधली जागा कोण भरून काढते? 'मागच्या वेळी ही गोळी बंद केली होती ना डॉक्टर?' असे चाचरत विचारणारी बाई. तिने विचारले तर 'तुम्ही डॉक्टर आहात का?' आणि न विचारता काही घडले तर 'एवढेही लक्षात राहत नाही का?' जबाबदारी सगळी, अधिकार काही नाही. बाईच्या आयुष्यात हे समीकरण नवे नाही. रुग्णालयाने ते घरातून जसेच्या तसे उचलले आहे.

'आपल्याकडे जमत नाही' हे खरे नाही

याविषयी बोलले की एक उत्तर ठरलेले असते. 'मॅडम, सकाळच्या ओपीडीत शे-दीडशे केसपेपर असतात. टीमच्या बैठका परदेशात ठीक आहेत.' गर्दी खरी आहे. निवासी डॉक्टर छत्तीस-छत्तीस तास राबतात हेही मी रोज पाहते. पण 'आपल्याकडे जमत नाही' हे मात्र खरे नाही. आपल्याच सार्वजनिक व्यवस्थेत ते जमवलेले आहे.

एचआयव्हीचे एआरटी केंद्र पाहा. १ एप्रिल २००४ पासून देशात मोफत एआरटी औषधे देणे सुरू झाले आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. या केंद्राची रचनाच टीमची आहे. वैद्यकीय अधिकारी, समुपदेशक, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि यांच्याबरोबर 'केअर कोऑर्डिनेटर'. या जागेवर शक्यतो स्वतः एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती नेमावी असे धोरण आहे. रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही तर त्याला फोन करणे, तो क्षयरोगाच्या विभागात पोचला का पाहणे, घरात काय चालले आहे ते विचारणे हे कोणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेले असते. एचआयव्ही आणि क्षयरोग एकत्र असले तर दोन्ही कार्यक्रमांनी एकमेकांकडे रुग्ण पाठवायचा, अशी नियमाची सोय आहे. ही केंद्रे आदर्श आहेत असे मी म्हणणार नाही. तिथेही कंत्राटी कर्मचारी वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर आहेत. पण गरीब देशात, गर्दीच्या रुग्णालयात, गुंतागुंतीच्या आजारासाठी टीम उभी राहू शकते हे त्यांनी दाखवले. ते घडले त्याला एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांचे संघटन आणि त्यांचा रेटा हेही मोठे कारण आहे, हे आपण चळवळीतल्या बायकांनी विसरू नये.

दुसरे उदाहरण वेदनाशमन आणि परिहार सेवेचे, म्हणजे ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याचे. या शाखेचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. माणसाचे दुखणे शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि पैशाचे असे एकत्रच असते, हे तीन खुर्च्यांवर बसून पाहिलेल्या बाईला सुचले यात मला नवल वाटत नाही. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून पुढे केरळात गावोगावचे जाळे उभे राहिले. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचे धोरण केले आणि पंचायतींच्या मदतीने परिचारिका घरी जाऊ लागल्या. यात रुग्णाच्या घरच्या माणसांनाही विचारले जाते, 'तुम्ही झोपलात का?' आमच्या मेडिसिन वॉर्डात बारा वर्षांत हा प्रश्न मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकला आहे.

म्हणजे प्रश्न येतो तो प्राधान्याचा. ज्या आजाराला कार्यक्रम आहे, निधी आहे, त्याला टीम मिळाली. पण मधुमेह, मूत्रपिंड, हृदय आणि गरिबी असे सगळे मिळून ज्याला झाले आहे, त्याच्या नावाचा कार्यक्रम नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा गरिबांना आधार आहे, हे मी रोज अर्ज भरून देताना पाहते. पण अशी योजना मुख्यतः ठरावीक उपचाराचे, ठरावीक पॅकेजचे पैसे देते. शस्त्रक्रियेचा दर ठरवता येतो. दोन डॉक्टरांनी दहा मिनिटे एकत्र बसून एका रुग्णाचा विचार केला, याचा दर कोणत्याही यादीत नाही.

आणि बाईच आजारी असेल तर?

आतापर्यंत सांगितले ते पुरुष रुग्ण आणि फाइल वाहणारी बाई यांचे. आता उलटे करून पाहा. बायकोला चार आजार असतील तर फाइल कोणाच्या हातात असते?

बहुतेक वेळा तिच्याच. डायलिसिसच्या खोलीत डोकावले तर पुरुषाच्या शेजारी स्टुलावर बाई बसलेली दिसते आणि बाईच्या शेजारी पुष्कळदा नुसते स्टूल. कोणी आलेच तर आई असते किंवा दहावीची शाळा बुडवून आलेली मुलगी. सासर म्हणते, 'माहेरी घेऊन जा, तिथे नीट बघतील.' माहेर म्हणते, 'आम्ही लग्न करून दिले आहे.' या ये-जा करण्यात उपचारांचे दोन-तीन महिने निघून जातात, जिल्हा बदलतो, कागद हरवतात आणि प्रत्येक ठिकाणी तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

अवयव प्रत्यारोपणाची आकडेवारी हेच मोठ्या अक्षरात सांगते. 'नोटो' या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदींनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी फक्त ६,९४५ स्त्रियांना झाली. काही आजार पुरुषांत जास्त असतील, असे कोणी म्हणेल. पण जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांत पत्नी व आई पुढे. बाईचे मूत्रपिंड घेताना टीम जमते. तिला मूत्रपिंड हवे असते तेव्हा ती टीम कुठे जाते, हा प्रश्न विचारायला हवा.

बाईच्या शरीरात दोन विभाग एकत्र आले की ते किती लांब बसतात ते पाहायचे असेल, तर हृदयाची झडप बदललेल्या तरुणीचे बघा. लहानपणी घसा सुजून झालेल्या संधिवाताच्या तापाने झडप निकामी झाली, धातूची झडप बसवली, रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर चालू. मग लग्न होते. वर्षाच्या आत 'काही आहे का?' सुरू होते. ती गोळी गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाला अपाय करू शकते. घाबरून बंद केली तर झडपेत गुठळी होऊन बाईचा जीव जाऊ शकतो. यातून वाट काढता येते. पण त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एका टेबलाशी बसले पाहिजे, आणि तेही दिवस राहण्याच्या आधी. प्रत्यक्षात हृदयाच्या ओपीडीत तिला मुलाबाळांविषयी कोणी विचारत नाही आणि प्रसूती विभागात ती पाचव्या महिन्यात पोचते. तिला मूल हवे आहे का, हे तर दोन्हीकडे कोणीच विचारत नाही. विचारायचेच झाले तर नवऱ्याला बोलावून विचारतात. प्रौढ स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याला फक्त तिचीच संमती लागते. तो कायदा १९७१ चा आहे. तरीही 'मिस्टरांची सही आणा' हे वाक्य रुग्णालयांतून अजून गेलेले नाही. टीममध्ये समाजसेविका हवी ती यासाठीसुद्धा. बाईला बाजूला घेऊन, सासूला आणि नवऱ्याला दाराबाहेर बसवून, 'तुझे काय म्हणणे आहे?' असे विचारायला.

असे एकांतात विचारले की पुष्कळ गोष्टी बाहेर येतात. साखर का आटोक्यात येत नाही? कारण इन्सुलिन संपले आहे आणि पैसे मागितले की मार बसतो. गोळ्या का चुकतात? कारण सासरी आजार लपवला आहे आणि गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवाव्या लागतात. केसपेपरवर याला 'औषधे नियमित न घेणे' एवढेच म्हणतात. मुंबईत महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले, ते याच जाणिवेने. हिंसा हा रुग्णालयाचा विषय आहे आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांनी तो ओळखायला शिकले पाहिजे, ही त्यामागची भूमिका. पुढे हे काम इतर रुग्णालयांत पोचले. गुंतागुंतीच्या आजाराच्या टीमने हा धडा घ्यायला हवा. बाईच्या आजाराची गुंतागुंत पुष्कळदा तिच्या रक्तात कमी आणि तिच्या घरात जास्त असते.

फुकटच्या हातांवर उभी टीम

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याच्या कामात होत्या, पुरुष २१.४ टक्के. या कामात असलेल्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ७४ मिनिटे. यात मुलांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची अशी सगळी काळजी आली. स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी यांची मोजणी वेगळी.

हे डोळ्यांसमोर ठेवून 'रुग्णाला लवकर घरी पाठवा, घरीच काळजी घ्या' या नव्या धोरणाकडे पाहा. घरी बरे वाटते हे खरे. रुग्णालयातला संसर्ग टळतो हेही खरे. पण 'घर काळजी घेते' या वाक्यात घर म्हणजे कोण? भिंती तर काळजी घेत नाहीत. पलंगाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, नळीने भरवायचे, लघवीची पिशवी रिकामी करायची, जखम बांधायची. रुग्णालयात हे काम पगारी परिचारिका आणि आया तीन पाळ्यांत करतात. डिस्चार्ज कार्डावर सही झाली की तेच काम एक बाई एकाच पाळीत करते, आणि ती पाळी संपत नाही. तिची पाठ गेली, तिला झोप नाही, तिचाही रक्तदाब वाढला, हे कोणत्याच केसपेपरवर येत नाही, कारण तिच्या नावाचा केसपेपरच नसतो.

घराबाहेर पाऊल टाकले की तिथेही बाईच भेटते. सरकारच्या गावपातळीवरच्या टीमचा पाया म्हणजे आशा. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या तेव्हापासून गरोदर बाईपासून क्षयरुग्णापर्यंत आणि आता मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीपर्यंत सगळे त्यांच्या वहीत आले. पण त्या 'स्वयंसेविका', त्यांना पगार नाही, मोबदला आहे. महाराष्ट्रातल्या आशा २०२३ आणि २०२४ मध्ये संपावर गेल्या, आझाद मैदानात दिवसेंदिवस बसल्या, तेव्हा कुठे मोबदला वाढला. घरात प्रेमापोटी फुकट, गावात सेवेपोटी जवळजवळ फुकट. बाईच्या काळजीला मोल नाही, या एकाच गृहीतकावर दोन्ही मजले उभे आहेत.

आणि आम्ही पगारी समाजसेविका? १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविकेची जागा भरली गेली. त्याच वर्षी आलेल्या भोर समितीच्या अहवालाने पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये हे तत्त्व मांडले. आज मोठमोठ्या रुग्णालयांत शेकडो खाटांमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके समाजसेवा अधीक्षक असतात. आमचा दिवस उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, ट्रस्टची पत्रे, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेसाठी फोन यांत जातो. हे काम गरजेचे आहे, त्यातून माणसे वाचतात. पण त्यामुळे आमची ओळख 'पैशाचे काम करून देणाऱ्या मॅडम' एवढीच उरते. राउंडला चला असे आम्हाला सहसा कोणी म्हणत नाही. रुग्ण पळून गेला, बिल थकले किंवा बेवारस मृतदेह राहिला की मात्र आमची आठवण होते.

मागायचे काय?

'आरोग्यसेवा सुधारा' एवढे म्हणून काही होत नाही. म्हणून नेमके लिहिते.

पहिली मागणी, एका रुग्णाचा एकच कागद. सगळ्या विभागांची औषधे, बंद केलेल्या गोळ्या, पथ्य आणि पुढच्या तारखा एकाच तक्त्यावर, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात. संगणकावर नोंदी झाल्या तरी बाईच्या हातात हा कागद हवाच.

दुसरी, एका रुग्णामागे एक ठरावीक पगारी व्यक्ती. परिचारिका असो की समाजसेविका, तिचे नाव आणि रुग्णालयातला फोन त्या कागदावर असावा. विभागांना एकमेकांशी बोलते करणे हे तिचे काम. एआरटी केंद्रात हे होऊ शकते तर डायलिसिस केंद्रातही होऊ शकते.

तिसरी, लांबून येणाऱ्या रुग्णाच्या तारखा एका दिवशी. याला नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

चौथी, अवघड रुग्णांसाठी आठवड्यातून एक तास एकत्र बैठक. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाचे निर्णय निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ मिळून घेतात. बाकीच्या आजारांना तेवढा तास मिळाला पाहिजे. त्या बैठकीत वॉर्डाच्या सिस्टरना बोलू द्यावे, कारण रात्री तीन वाजता रुग्णाचे काय होते ते त्यांना ठाऊक असते. आणि घरच्या बाईला खुर्ची द्यावी. 'सूचना ऐकून घ्या' म्हणून नव्हे, तर 'यातले घरी काय जमेल?' हे विचारण्यासाठी. 'जमणार नाही' असे म्हणण्याचा हक्क तिला असला पाहिजे. तो नसेल तर तिचा सहभाग म्हणजे बिगार.

पाचवी, डिस्चार्जच्या आधी घरातल्या पुरुषाला शिकवा. जखम बांधायला, इन्सुलिन द्यायला, भाजी उकळून पाणी फेकायला. 'मुलगा कामावर असतो' हे उत्तर स्वीकारू नका, सुनेलाही काम असते. सहावी, काळजी घेणाऱ्या बाईचा रक्तदाब आणि साखर त्याच दिवशी तपासा आणि तिच्या नावाचा केसपेपर काढा. आणि सातवी, एकट्या आलेल्या बाईला 'नातेवाईक घेऊन या' म्हणून परत पाठवू नका. तिचा नातेवाईक त्या दिवशी रुग्णालय आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टींना फार पैसा लागत नाही, पण जागा भराव्या लागतील आणि त्याला लागतो. तो मागितला पाहिजे. ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठका कधी होतात, त्यांवर बाई कोण आहे, ती बोलते का, हे आपल्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी जाऊन विचारावे. गर्भपाताचा हक्क, बाळंतपणातले मृत्यू, गर्भलिंगनिदान यांवर आपण वर्षानुवर्षे बोललो आणि ते बोलायलाच हवे होते. पण बाईचे आरोग्य गर्भाशयापुरते नसते. चाळिशीनंतर ती एकतर चार आजारांची रुग्ण असते किंवा चार आजारांच्या रुग्णाची फाइल वाहणारी, आणि पुष्कळ घरांत एकाच वेळी दोन्ही. या बाईचा प्रश्न आपण अजून पुरेशा जोराने आपला म्हटलेला नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला रुग्णालयात जाल तेव्हा रांगेतल्या पिशव्यांकडे बघा. कोणत्या हातात आहेत ते मोजा. आणि आपल्या गावच्या, आपल्या वस्तीतल्या रुग्णालयाचा अनुभव या अंकाकडे लिहून पाठवा. डॉक्टर आणि परिचारिका वाचक असतील तर त्यांनी आपली अडचणही जरूर लिहावी. भांडण त्यांच्याशी नाही. बाईचा वेळ फुकट असतो, असे मानून जी व्यवस्था आखली आहे, तिच्याशी आहे.